नळाला दूधगंगा आली, मग दूधगंगेला काय राहिलं?

२०२३ च्या दिवाळीत दूधगंगा नदीवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी पाईपातून थेट कोल्हापुरात पोहोचलं. 'थेट पाईपलाईन' हे दोन शब्द ऐकत आमच्या शहरातली एक अख्खी पिढी मोठी झाली होती. पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पाणी पडतानाचे व्हिडिओ त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर होते. आनंद खरा होता, मलाही झाला.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला वडिलांबरोबर आत्तीकडे गेलो. तिचं घर कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. चहा ठेवता ठेवता ती वडिलांना म्हणाली, "तुमच्याकडं आलं न्हवं पाणी? बरं झालं बाबा. पर आता आमच्या नदीला किती ऱ्हायचं?" वडील म्हणाले, "अगं अक्का, धरणात पंचवीस टीएमसी पाणी हाय. आम्ही पिऊन पिऊन किती प्यायचं?"

दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघंही बरोबर कसे असू शकतात हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. आता इचलकरंजी शहरासाठी सुळकूड गावाजवळ दूधगंगेतून पाणी उचलायच्या योजनेवरून तोच वाद पुन्हा पुन्हा तापतो. डोंगरातल्या नदीचं पाणी पाईपात घालून शहराकडे वळवलं की नेमकं काय होतं, कुणाचं किती कमी होतं आणि कधी होतं, हे नीट उलगडून पाहू.

### आधी मापं

धरणातलं पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या भाषेत साधारण २,८३१ कोटी लिटर. वाहतं पाणी क्युसेकमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युसेक प्रवाह दिवसभर चालू राहिला तर साडेचोवीस लाख लिटरच्या आसपास पाणी जातं. क्युसेक कोल्हापूरकराला शिकवायला नको. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतात, हे जुलैत आमच्याकडे चहाच्या टपरीवरही सांगतील.

आता शहराची गरज पाहू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळ होती. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. गुणाकार केला की रोजचे सुमारे ७ कोटी ४० लाख लिटर होतात, म्हणजे तीस क्युसेक. वर्षाचा हिशोब जेमतेम एक टीएमसी. लोकसंख्या वाढली, पाईपातून गळती झाली, उपनगरं जोडली गेली, असं सगळं धरून हा आकडा दुप्पट केला तरी दोन टीएमसी.

काळम्मावाडीची साठवण क्षमता २५.४ टीएमसी आहे. म्हणजे वडिलांचं गणित चुकलेलं नव्हतं. राधानगरीच्या एका दरवाजासमोर तीस क्युसेक म्हणजे काहीच नाही. पण हे गणित वर्षाच्या बेरजेचं आहे, आणि नदी वर्षाच्या बेरजेवर जगत नाही. तिला रोजचं पाणी रोज लागतं.

### डोंगराचंच पाणी का हवं असतं?

कारण ते वरच्या अंगाला असतं आणि स्वच्छ असतं. उंचावरचं पाणी उताराने खाली आणता येतं, त्यामुळे विजेचा खर्च वाचतो. वर गावं कमी, कारखाने कमी, म्हणून शुद्ध करायलाही सोपं. शिवाय पाऊस तिथेच पडतो. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळमध्ये पाचशे-सहाशे.

कोल्हापूर शहराचा इतिहासही असाच टप्प्याटप्प्याने लांब जात गेलेला आहे. आधी आड-विहिरी आणि तळी, मग कात्यायनीच्या डोंगराकडचं पाणी, मग कळंबा तलाव. शहरातल्या एका भागाचं 'पाण्याचा खजिना' हे नाव त्याच काळाची आठवण आहे. पुढे बालिंगा आणि शिंगणापूर इथून नदीचा उपसा सुरू झाला, आणि आता पन्नासहून जास्त किलोमीटरवरचं काळम्मावाडी. दर वेळी शहर थोडं वर आणि थोडं लांब सरकलं. असं करणारे आपण एकटे नाही. मुंबईसाठी तानसा धरण १८९२ मध्ये झालं, नंतर वैतरणा, मग भातसा. आज मुंबई ज्या शहापूर तालुक्यातून पाणी नेते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरणाच्या भिंतीखाली राहणाऱ्याला धरणाचं पाणी मिळेलच असं नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

### पाऊस थांबल्यावर नदी कशावर वाहते?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये नदी पावसाच्या पाण्यावर वाहते. ऑक्टोबरनंतर पाऊस नसतो, तरी नदी वाहते. ते पाणी येतं डोंगराच्या पोटातून. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत, खाली काळा पाषाण. सडा पावसाळाभर पाणी पितो आणि कड्याकपारीतून, झऱ्यांतून हळूहळू सोडतो. मातीचा माठ भरून ठेवल्यावर बाहेरून पाझरत राहतो, तसंच. हिवाळ्यातली नदी म्हणजे या माठाचा पाझर. एप्रिल-मेपर्यंत तो पाझर बारीक होत जातो, तेव्हा धरणातून सोडलेलं पाणी नदीला तगवतं.

आता शहराचा पाईप पाहा. जुलैत तो तीस क्युसेक घेतो आणि मेमध्येही तीसच, उन्हाळ्यात उलट थोडे जास्तच. जुलैत नदीला ते कळतही नाही. मेमध्ये धरण तळाला गेलेलं असतं, खाली सोडायचं पाणी मोजूनमापून सोडलं जातं. तेव्हा तेच तीस-साठ क्युसेक मोठे होतात. महिन्याच्या एक तारखेला पाचशे रुपये गेले तर फार वाटत नाही, अठ्ठावीस तारखेला तेच पाचशे घर हलवतात.

यात पंगतीचा नियमही आहे. पाणीवाटपात पिण्याचं पाणी पहिल्या पंगतीला बसतं, आणि ते योग्यच आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत दुसरी पंगत उद्योगाची होती, २०११ मध्ये ती शेतीला मिळाली. भरल्या वर्षी सगळ्या पंगती जेवतात. पाऊस कमी झाला की पहिल्या पंगतीचं ताट तसंच राहतं आणि सगळी कपात मागच्यांच्या वाट्याला येते. खुद्द नदीला, म्हणजे तिच्यातले मासे, काठची झाडं, पात्रातला प्रवाह यांना, बहुतेक ठिकाणी कुठल्याच पंगतीत पाट मांडलेला नाही.

### नदीतून येणारं पाणी वाटेत काम करत येतं

थेट पाईपलाईनआधी कोल्हापूरचं पाणी कसं येत होतं? राधानगरी धरणातून सुटलेलं पाणी पंचगंगेची उपनदी असलेल्या भोगावतीच्या पात्रातून पन्नासेक किलोमीटर वाहत यायचं आणि शहराच्या उंबऱ्यावर उपसलं जायचं. या वाटेत ते रिकामं बसत नव्हतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले की पाणी अडायचं, काठच्या विहिरींना पाझर मिळायचा, जनावरं प्यायची, माशांना डोह राहायचे. मग तेच पाणी शहराच्या हंड्यात यायचं. म्हणजे एक लिटर पाणी चार-पाच कामं करून शेवटी शहराची तहान भागवायचं.

पाईपातलं लिटर एकच काम करतं. वाटेत बाष्पीभवन नाही, चोरी नाही, घाण मिसळणं नाही, हे पाईपाचे फायदे पूर्णपणे खरे आहेत. पण जमिनीवर जी 'गळती' दिसते, त्यातली बरीचशी कुणाच्या तरी विहिरीत पोहोचणारी असते. आत्तीच्या परड्यातली विहीर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. नदीत पाणी असलं की विहिरीत असतं, नदी उतरली की विहीर उतरते. तिच्यासाठी नदी आणि विहीर एकच आहे, आणि भूजलाचे अभ्यासकही नदीकाठच्या विहिरींबद्दल हेच सांगतात.

याहून खोल एक परिणाम आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. शहर नदीतून पीत होतं, तेव्हा नदीत पाणी ठेवणं ही शहराची गरज होती. उन्हाळ्यात प्रवाह आटला की नळ बंद व्हायचे, मोर्चे निघायचे, आणि त्या दबावाने पात्रात पाणी यायचं. शहराची तहान ही नदीची राखणदार होती. भोगावतीला शेतीसाठी आजही पाणी सुटतं, पण तिच्यासाठी ओरडणारा सर्वात मोठ्या आवाजाचा माणूस आता दुसऱ्या नदीच्या पाईपाला जोडला गेलाय.

### कृष्णेच्या हिशोबात वीस, दूधगंगेच्या हिशोबात शंभर

पिण्यासाठी घेतलेलं पाणी सगळं संपत नाही. आंघोळ, धुणं, भांडी, संडास असं फिरून साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात हेच तत्त्व वापरलं: खोऱ्यात शहराने पिण्यासाठी नदीतून जेवढं पाणी उचललं, त्याच्या फक्त २० टक्केच 'वापर' धरायचा. उरलेलं ८० टक्के नदीला परत मिळतं असं मानायचं.

कागदावर हे न्याय्य आहे. पण परत कुठे मिळतं ते पाहा. काळम्मावाडी धरण दूधगंगेवर आहे. कोल्हापूर शहर पंचगंगेच्या काठावर. शहर दूधगंगेचं पाणी पितं आणि सांडपाणी जयंती नाला, दुधाळी नाला अशा वाटांनी पंचगंगेत सोडतं. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. दूधगंगा वेदगंगेला बरोबर घेऊन त्याच्या बरीच पुढे, कर्नाटकाच्या हद्दीत कृष्णेला मिळते.

म्हणून कृष्णेत उभं राहून हिशोब केला तर शहराने २० टक्केच पाणी संपवलं. आत्तीच्या गावात, दूधगंगेच्या काठावर उभं राहून हिशोब केला तर पाईपात गेलेल्या पाण्यापैकी १०० टक्के गेलं, परत काहीच आलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी दोघंही बरोबर होते ते असे. प्रत्येक जण आपापल्या नदीवरून मोजत होता.

पंचगंगेचं काय झालं? तिला दुसऱ्या नदीचं पाणी मिळालं, पण वापरून झाल्यावर. वरच्या गणिताने रोज सुमारे सहा कोटी लिटर. कसबा बावडा आणि दुधाळी इथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत. बावड्याचं केंद्र रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे. पण नाल्याचा बंधारा ओसंडून सांडपाणी थेट नदीत जात असल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे खच, जलपर्णीचा हिरवा गालिचा शिरोळकरांना नवीन नाही. यात साखर कारखाने, उद्योग, वाटेवरची गावं यांचाही वाटा आहे, सगळं शहराच्या माथी मारता येणार नाही. तरी तांबड्या रश्श्यात मीठ जास्त पडलं की आपण पाणी वाढवतो. उन्हाळ्यात नदीत वाढवायला पाणीच नसतं, त्यामुळे तेवढीच घाण जास्त खारट, जास्त जहरी होते.

### पाईपमागे पाईप

आता पंचगंगेने खाली जाऊ. कोल्हापूरच्या खाली इचलकरंजी. २०११ च्या जनगणनेत २ लाख ८७ हजारांवर लोकसंख्या, २०२२ मध्ये महानगरपालिका झालेलं यंत्रमागाचं शहर. कोल्हापूर जे नदीत सोडतं ते इचलकरंजीच्या दारावरून जातं, आणि इचलकरंजीच्या प्रोसेसिंगचं पाणीही त्यात मिसळतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. त्यानंतर पंचगंगेचं पाणी पिण्यावर विश्वास कोण ठेवणार?

म्हणून इचलकरंजीने दुसरीकडे हात पसरले. वारणेवरून पाणी आणायची योजना पुढे आली, दानोळीसह वारणाकाठ विरोधात उभा राहिला. मग केंद्राच्या अमृत २.० योजनेतून दूधगंगेवर सुळकूड इथून पाणी उचलायची योजना मंजूर झाली, तेव्हा कागल तालुका आणि दूधगंगाकाठ उभा राहिला. वर्तमानपत्रात ही बातमी 'इचलकरंजी विरुद्ध कागल' अशी येते. मला ती तशी वाटत नाही. ही साखळी आहे. वरच्या शहराने पंचगंगा घाण केली, म्हणून खालच्या शहराला पंचगंगा नको झाली. ते शेजारच्या नदीकडे वळलं. तिथल्या माणसाला वाटतं की ज्यांनी आपली नदी सांभाळली नाही ते आता आमच्या नदीवर आले. आणि इचलकरंजीच्या गल्लीत चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी हंडे भरून ठेवणाऱ्या बाईचा यात काय दोष?

सुळकूडबद्दल एक बारीक मुद्दा सांगायला हवा. तिथून उपसा करायचा तर धरणापासून सुळकूडपर्यंत पाणी नदीच्या पात्रातूनच यावं लागेल. म्हणजे त्या टप्प्यातल्या गावांना उलट नदी वाहती ठेवायला एक कारण मिळेल. ओढ बसेल ती सुळकूडच्या खालच्या गावांना, आणि पुढे कर्नाटकातल्या काठाला. थेट धरणातून पाईप आणि खालून उपसा, या दोन्हींचा नदीवरचा परिणाम वेगळा असतो. मोर्चात आणि भाषणात हा फरक हरवतो, पण निर्णय घेताना तोच मोलाचा आहे.

### "धरण तर आधीच होतं, पाईपाने नदीचं आणखी काय बिघडणार?"

धरणाने बरंच बिघडवलं होतं हे खरं. धरणाच्या भिंतीने चढणीचे मासे अडतात. पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट तिथेच संपते. गाळ धरणात बसतो, आणि खाली सुटणारं गाळ नसलेलं पाणी काठ कापत जातं. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्या धरणग्रस्तांनी तर आपलं सगळंच दिलं. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्या बदलल्या तरी निघत राहतात, आणि नळ सोडताना निदान त्यांची आठवण असावी.

पण धरणानंतरही नदीला एक आधार होता: साठवलेलं पाणी शेवटी पात्रातूनच खाली यायचं. वेळ बदलली, वाट तीच राहिली. पाईपाने वाट बदलते. एक पाईप नदी मारत नाही, हे मी पुन्हा सांगतो. एकामागून एक पाईप, प्रत्येक 'थोडंसंच' म्हणत आलेला, मात्र मारू शकतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९१३ मध्ये सिएरा नेवाडा डोंगरातून येणाऱ्या ओवेन्स नदीचं पाणी सुमारे पावणेचारशे किलोमीटर लांब नेलं. १९२० च्या दशकातच नदीच्या शेवटी असलेलं ओवेन्स सरोवर कोरडं पडलं. चिडलेल्या शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये कालवा सुरुंगाने उडवला. सरोवराच्या तळाची क्षारमिश्रित धूळ दशकानुदशकं लोकांच्या फुप्फुसांत गेली, आणि शेवटी ती बसवण्यासाठी त्याच शहराला प्रचंड खर्च करून काही पाणी परत द्यावं लागलं. आपल्याकडे पाऊस वेगळा, माती वेगळी, ओवेन्ससारखं वाळवंट सह्याद्रीत होणार नाही. तरी 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य तिथेही म्हटलं गेलं असेल.

### "उसाला एवढं पाणी जातं, मग शहराच्या घोटावर का बोलता?"

हा आक्षेप शहरातून नेहमी येतो आणि त्यात दम आहे. एक हेक्टर उसाला वर्षभरात ढोबळ दोन कोटी लिटर पाणी लागतं. पावसाचा वाटा निम्मा धरला तरी एक टीएमसी पाण्यात सातेक हजार एकर ऊस होतो. म्हणजे कोल्हापूर शहराची प्रमाणाप्रमाणे लागणारी वर्षाची तहान आणि सात हजार एकर ऊस, पाण्यात सारखेच. पाट सोडून ठिबकवर ऊस आणला तर पाण्याची मोठी बचत होते आणि त्यातून शहरं पिऊ शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण शेतकऱ्याला 'तू वाचव' म्हणणाऱ्या शहराने स्वतःकडेही पाहायला हवं. शहरी पाणीपुरवठ्यात हिशोबाबाहेर जाणारं पाणी, म्हणजे गळती, चोरी, मीटर नसलेली जोडणी, २० टक्क्यांच्या आत असावं असं केंद्र सरकारचंच उद्दिष्ट आहे. देशातली कितीतरी शहरं त्याच्या आसपासही नाहीत. शंभर लिटरमधले चाळीस लिटर वाटेत गेले, तर साठ लिटरच्या तहानेसाठी आपण नदीतून शंभर ओढतो. जमिनीखालचा फुटका पाईप दुरुस्त करणं हे नवीन धरण शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही. आणि शेतकऱ्याने ठिबक बसवून पाणी वाचवायचं, तर ते वाचलेलं पाणी शहर घेणार असेल तेव्हा ठिबकच्या खर्चात शहराचाही वाटा असला पाहिजे.

### "पुरात एवढं पाणी वाहून जातं, ते का नाही घेत?"

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. शहर पाण्याने वेढलेलं, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे प्यायला पाणी नाही. ते दिवस ज्याने काढलेत, तो थेट पाईपलाईनला विरोध करणार नाही, मीही करत नाही. पुरातही चालू राहणारा स्रोत शहराला हवाच होता.

पण पुराचं पाणी 'वाया' जातं हा समज अर्धवट आहे. पूर नदीचं पात्र धुतो, माशांना वर चढायला वाट देतो, काठच्या जमिनीत पाणी मुरवतो. त्यातलं काही उचलायला हरकत नाही, उलट पावसाळ्यात घेणं हेच सर्वात कमी त्रासाचं. अडचण साठवणीची आहे. चार दिवसांच्या पुराचं पाणी मेपर्यंत ठेवायला जागा लागते. कळंबा, रंकाळा, कोटीतीर्थ यांसारख्या शहराच्या पोटातल्या तळ्यांकडे आपण फिरायची ठिकाणं म्हणून पाहतो. कळंबा तर शहराने कितीतरी वर्षं प्यायलंय. जवळचा साठा जितका सांभाळला जाईल, तितके मे महिन्यात दूधगंगेवर कमी अवलंबून राहू.

### पाईप घेतला, तर काय द्यायचं?

न्यूयॉर्क शहर डेलावेअर नदीच्या डोंगरातल्या उगमाकडच्या धरणांतून पाणी घेतं. खालच्या राज्यांनी तक्रार केली, भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५४ च्या आदेशाने शहराला पाणी घ्यायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर: खाली मॉन्टेग्यू या ठिकाणच्या मोजपट्टीवर नदीत ठराविक प्रवाह दिसलाच पाहिजे, १,७५० क्युसेक. राधानगरीच्या सव्वा दरवाजाएवढा. कमी पडला तर शहराने आपल्या धरणातून सोडायचा. पुढे १९९७ मध्ये त्याच शहराने वरच्या डोंगरातल्या गावांशी करार केला: गावांच्या सांडपाण्याची सोय, जंगल आणि जमीन राखणं यासाठी शहराने पैसे द्यायचे, म्हणजे पाणी मुळातच स्वच्छ येईल.

या दोन गोष्टी आपल्याकडे जशाच्या तशा उचलता येणार नाहीत, पण त्यांतली कल्पना साधी आहे. नदीत किमान किती पाणी वाहतं राहिलं पाहिजे याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. तो आधी ठरवायचा, आणि शहराचा, शेतीचा, उद्योगाचा वाटा त्यानंतर. नदीला पंगतीत पाट मांडायचा तो असा.

दुसरं, जेवढे लिटर नळाला, तेवढ्या लिटरचा सांडपाण्याचा जबाब. पाईपलाईनच्या खर्चाबरोबर सांडपाण्याच्या वाहिन्यांचा आणि शुद्धीकरणाचा खर्च एकाच कागदावर असावा, दहा वर्षांनंतरच्या वेगळ्या योजनेत नको. हे न परवडणारं नाही. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्यामुळे तेवढं ताजं पाणी लोकांसाठी वाचतं. इचलकरंजीच्या कापड उद्योगाला पाणी लागतं, ते पिण्याच्या दर्जाचं असायची गरज नाही. कोल्हापूरचं आणि इचलकरंजीचं सांडपाणी नीट शुद्ध होऊन यंत्रांकडे गेलं, तर दूधगंगेकडे मागायचा घोट बराच लहान होईल. पंचगंगा थोडी जरी सावरली, तर इचलकरंजीला पुन्हा स्वतःच्या दारातली नदी वापरता येईल.

### मे महिन्यातला आकडा

जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आम्हाला तासातासाला कळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, शाळेतल्या पोरालाही पाठ. हे आकडे जाहीर होतात म्हणून लोक वेळेत घर सोडतात, प्रशासन हलतं, आणि कुणी कुणावर आंधळेपणाने आरोप करत नाही.

मार्च ते मे या तीन महिन्यांत मात्र दूधगंगेत सुळकूडला किती क्युसेक वाहतात, पाईपाने त्या दिवशी किती उचललं, पंचगंगेत तेरवाडला पाण्यातला प्राणवायू किती आहे, यांतला एकही आकडा चहाच्या टपरीवर सांगता येत नाही. तीन आकडे, रोज सकाळी, पुराच्या आकड्यांसारखेच सगळ्यांना दिसतील असे. सुळकूडच्या पुढच्या बैठकीत कोल्हापूर, इचलकरंजी आणि कागल अशा तिघांनीही बाकी काही मागण्याआधी एवढं मागावं. गेल्या उन्हाळ्यात आत्तीने विहिरीच्या कठड्याला आतून खडूने एक रेघ मारून ठेवली आहे. पाणी किती उतरतं ते ती तिथून मोजते.